झोपाळ्यांखालची नोंद

माझी नात सुनयना चष्मा घरी विसरली, म्हणून मी दुपारी तिच्या शाळेत गेलो. निवृत्त कारकुनावर घरात यापेक्षा मोठी जबाबदारी कोणी टाकत नाही. साल २०१३. नोएडाच्या नव्या सेक्टरातली शाळा. भिंतींना अजून रंगाचा वास होता.

तिच्या बाई, देवयानी, मूळच्या नागपूरच्या. "काका, बसा ना. आमची गंमत तरी बघा!"

अकरा मुलं टॅबलेटवर बोटानं चित्र काढायची आणि त्यावर गोष्ट बोलून ठेवायची. विषय होता 'माझी शाळा'. बाईंनी एकेक चित्र भिंतीवर मोठं करून दाखवलं. इमारत, झेंडा, झोपाळे. आणि झोपाळ्यांखाली काळं भोक. अकराही चित्रांत.

"एकानं काढलं की सगळे कॉपी करतात," बाई हसल्या.

खरं आहे. मी पस्तीस वर्षं तेच केलं.

पण चित्र कसं काढत नेलं, तेही त्या ॲपमध्ये पुन्हा दिसतं. बाईंनी ते चालवलं. प्रत्येकानं आधी काळं भोक काढलं होतं. शाळा नंतर, त्याच्याभोवती.

ही जागा मला माहीत होती. १९९१ साली इथं शेतं होती आणि सरकार ती ताब्यात घेत होतं. या जमिनीवर काय काय आहे, त्याचा तक्ता भूसंपादन कचेरीत मी भरला. पाहणीला जायचं होतं, पण ऊन फार होतं. शेजारच्या शेताचा तक्ता उतरवून काढला. विहीर : नाही. म्हातारा शेतकरी तीनदा कचेरीत आला.

"बाबूजी, कुआँ है."

"काग़ज़ में नहीं है."

चौथ्यांदा तो आला नाही. तो कुठं गेला, मी विचारलं नाही; मला बरंच वाटलं. विहिरीवर राडारोडा पडला, मग माती, मग शाळा.

चष्मा देताना मी सुनयनाला हळूच विचारलं, "हे काय गं?"

"दादाजींचं घर."

"कोण दादाजी?"

"खाली असतात ना... ते ऊपर बघतात. आमचे पाय मोजतात."

त्या वर्गाच्या मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं दाराकडे धावली. गप्प बसलो असतो, तर माझी नोकरी निष्कलंक राहिली असती. मी दारात आडवा उभा राहिलो.

"काका, हे काय? खेळू द्या ना त्यांना!"

"झोपाळ्यांखाली विहीर आहे... मी लिहिली नव्हती. मी."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. बहुधा माझ्या मुलाचा फोन नंबर आठवत असाव्यात. तेवढ्यात बाहेर काहीतरी खचलं. खिडकीतून पाहिलं, तर झोपाळे नव्हते. कुजक्या शेवाळाचा वास वर्गात आला.

संध्याकाळी बाईंनी सुनयनाची गोष्ट ऐकवली. ती सकाळी साडेनऊला बोललेली होती. तेव्हा चष्मा घरी राहिलाय हेही घरात कोणाला माहीत नव्हतं.

"आज आजोबा येणार. दादाजी बोलले, आजोबांनी सच सांगितलं तर आम्ही सगळे घरी जाऊ."

गोष्टीला पुढे आणखी एक पान आहे. बाईंनी ते पाहिलं, "यात तुम्ही आहात, काका," एवढंच म्हणाल्या आणि टॅबलेट पालथा ठेवला. शाळेनं मला पुष्पगुच्छ दिला. ते पान मी अजून मागितलेलं नाही. सुनयना शपथेवर सांगते, ते तिनं काढलेलं नाही.