पहिल्या हाकेला ओ

उन्नती, विमानात नोकरी करायचीय ना तुला? खुशाल कर. तुझी आत्या काही आडवी येणार नाही. आणि मघाशी पेपरातून वाचून दाखवलंस ना, विमान जमिनीवर अडकलं तर ठरावीक वेळाने माणसांना उतरू द्यावं, असा नियम हवा म्हणतायत? करा म्हणावं बाबांनो, लवकर करा. मला कुणी विचारलं असतं तर मी कधीच सांगितलं असतं. ती फुलं ठेव बाजूला आणि बस इथे.

अठ्ठ्याण्णवचा जानेवारी. दिल्लीहून मुंबईला यायचं सकाळचं विमान, मी हवाईसुंदरी, रोजचंच काम. दारं लावली, विमान जागेवरून हललं आणि धावपट्टीकडे जाता जाता मध्येच थांबलं. धुकं उतरलं होतं. आपल्या निर्मळ गावच्या वाडीत पडतं तसलं नव्हे गं! खिडकीबाहेर नुसतं पांढरं, विमानाचा पंखसुद्धा दिसेना. पुढे विमानं, मागे विमानं, आमची उभं राहायची जागा दुसऱ्या विमानाने घेतलेली. आणि आमच्या कंपनीचा कायदा असा, की कॅप्टनने सांगितल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. एक जरी माणूस उतरला तरी सगळ्यांचं सामान खाली काढून ओळख पटवायची, मग रांगेतली जागा गेलीच समज.

आधी लोक चिडले. मला काय काय बोलले ते तुला सांगण्यासारखं नाही. मग पाणी संपलं, संडास तुंबले, आंबट दुधाचा आणि माणसांचा वास दाटला. इंधन वाचवायला इंजिनं बंद केली, तशी सगळीकडे अशी शांतता पसरली की कुणी कूस बदलली तरी ऐकू यावं.

मागच्या रांगेत खिडकीशी एक पोरगा बसला होता. मी जवळून गेले तर म्हणाला, "आशालताताई ना तुम्ही? निर्मळच्या? मी युजीन. बॅप्टिस्टचा."

बॅप्टिस्टकाका म्हणजे आपल्याला केळीची रोपं द्यायचे ते. पोरगा दिल्लीला नोकरीला होता. आदल्या दिवशी बहिणीचा, क्लेमेंटीनचा, फोन आला होता. फादर येऊन मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले, पण बाबांचा जीव जात नाही, दाराकडे बघत तुझीच वाट पाहतायत. मिळेल त्या विमानात बसून तो निघाला होता.

"ताई, पोचेन ना मी?" त्याने विचारलं. "त्यांचा हात हातात घ्यायचाय फक्त. दुसरं काही नको."

मी म्हटलं, "पोचशील रे राजा." काय बोलणार दुसरं?

दुपार झाली तरी बाहेर पांढरंच. मी त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर जरा टेकले होते, आणि तेवढ्यात आवाज आला.

"युजू..."

खिडकीबाहेरून आला. बंद विमानात बाहेरचं माणूस कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही गं... आणि हा आवाज ओरडतही नव्हता. अगदी काचेला तोंड लावून बोलावं तसा. म्हातारा, थकलेला. मी काकांना लहानपणापासून ओळखते. तो आवाज त्यांचाच होता.

युजीन ताडकन उठला. तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्या तोंडावर हात दाबला.

"खबरदार ओ दिलीस तर! पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, आईने शिकवलं नाही तुला? खरं माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं, भूतखेत एकदाच. थांब."

आपल्याकडे हिंदू काय, ख्रिस्ती काय, हे सगळ्यांनाच ठाऊक. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. दुसरी हाक... आलीच नाही.

मग तो धावला कॅप्टनकडे. हात जोडले, पाया पडला. उतरवा मला, चालत जातो, दुसरं काहीतरी बघतो. कॅप्टन वाईट माणूस नव्हता. पण सामान काढायचं म्हटल्यावर प्रवासीच खवळले. "एकट्यासाठी आम्ही सगळ्यांनी मरायचं का?" असं एक बाई माझ्या तोंडावर बोलली. मी त्याला दंडाला धरून जागेवर आणलं.

मग तो खिडकीकडे वळला आणि अगदी हळू, घरातल्या घरात बोलावं तसा म्हणाला, "ओ, बाबा. आलोच."

"मेल्या, काय केलंस हे?"

त्याने मान टेकली आणि झोपला. झोप तरी कसली! हलवलं, गालावर चापट्या मारल्या, डोळा उघडेना. अंग गार, श्वास तेवढा चालू. मी दोन ब्लँकेटं घातली आणि देवाचं नाव घेत उभी राहिले. विमान उडालं तरी तो तसाच. मुंबईला चाकं टेकली तेव्हा जागा झाला आणि म्हणाला, "पोचलो?"

त्याला एकट्याला सोडायचा धीर होईना. टॅक्सी केली, थेट निर्मळ. वाटेभर तो एकच म्हणत होता, "असतील ना ताई, असतील ना अजून?" दिवेलागणीला त्यांच्या ओट्यावर चढलो. आत माणसं जमलेली, मेणबत्त्यांचा वास. मी काय ते समजले.

क्लेमेंटीन दारात आली. रडून डोळे सुजलेले. युजीनला बघितलं आणि ती जागच्या जागी थिजली. छातीवर क्रूस काढला.

"क्लेमे, बाबा...?" तो म्हणाला.

"बाबा गेले." ती माझ्याकडे बघून बोलत होती, त्याच्याकडे नाही. "सुखानं गेले. युजूच्या हातात हात देऊन. युजू दुपारीच आला ना... तेव्हापासनं उशाशी बसलाय." मग आवाज चिरकला तिचा. "आशाताई, हे कोणाला आणलंत तुम्ही बरोबर?"

"अगं, हा युजीन!" मी म्हटलं. "सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे!"

तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचं ऐकलं मी.

युजीनने दार ठोठावलं नाही की हाक मारली नाही. कारण तेवढ्यात आत रोझरीची प्रार्थना सुरू झाली होती. "नमो मरिया..." म्हणणारा आवाज पुरुषाचा होता, जरा घोगरा, तरुण. बायका मागून उत्तर देत होत्या. तो आवाज कुणाचा, हे दिवसभर ऐकलेल्या माझ्या कानांना कुणी सांगायला नको होतं. आणि माझ्या शेजारी तोच पोरगा तोंड उघडून उभा होता. माझं मनगट धरलं होतं त्याने. मग सोडलं. ओटा उतरला आणि केळीच्या वाडीत शिरला. मी "युजीन, युजीन" म्हणून किती हाका मारल्या! पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडला नाही तो.

हो गं, आत उशाशी बसलेला, तोच युजीन. रविवारी चर्चच्या मिस्साहून येताना आपल्याकडे केळी ठेवून जातो तो. बायको-पोरं आहेत, स्वभावाने चांगला, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. एकदा धीर करून विचारलं मी त्याला त्या विमानाबद्दल.

हसला. म्हणाला, "कुठलं विमान, ताई? मला बाबांनी हाक मारली, मी आलो."