अक्का देवासला आल्या

बाग गावातल्या छपाईवाल्याच्या अंगणात लाल-काळ्या ठशांच्या एकाच साडीची दोन टोकं दोघांनी धरली होती.

"भिया, छोड़ो ना… पहले मैंने देखी!" इरावती माळव्याच्या हिंदीत म्हणाली.

"पाहिली तुम्ही, पण उचलली मी," तो हसून मराठीत म्हणाला.

"मी मराठी, हे कसं कळलं?"

"आत्ताच मैत्रिणीला 'अगं बाई, किती सुरेख' म्हणालात की!"

तो धारचा मयुरेश, शाळामास्तर. साडी त्याला वाढवणाऱ्या आत्यासाठी, अक्कांसाठी होती. ते कळताच तिनं टोक सोडलं. "पण नेसल्यावर फोटो पाठवायचा हं…"

फोटो आला. मग रोज काहीबाही येऊ लागलं. इरावती देवासची, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी वाचताना अडखळायची. म्हणून तो निरोप बोलूनच पाठवायचा, आणि पीथमपूरच्या बसमध्ये कानाला फोन लावून ती गालात हसायची. तिथल्या कारखान्यात ती औषधं तपासायची. जीव होता तिचा त्या कामावर.

दिवाळीनंतर तिनं वडिलांना मयुरेशबद्दल सांगितलं. तात्यांना मुलगा पसंत पडला.

"नोकरी मात्र सोड, इरू. अक्कांचं वय झालंय. आईबापासाठी मी भोपाळची बढती सोडली. कधी कुरकुरलो नाही."

ते खरं होतं. तिनं मयुरेशला फोन करून सगळं सांगितलं. तो "थोडा वेळ दे…" एवढंच म्हणाला. आठ दिवस तिनं त्याचा फोन घेतला नाही.

रविवारी सकाळी दारात अक्का! इंदूरला बस बदलून आलेल्या. मागे मान खाली घालून मयुरेश.

"तात्यासाहेब," पाणी पिऊन अक्का म्हणाल्या, "हा धड जेवेना, म्हणून खोदून विचारलं. तरुणपणी मला मास्तरणीची नोकरी लागली होती. वडील नको म्हणाले, मी ऐकलं. वाईट नव्हते हो ते… पण अजून शाळेची घंटा ऐकली की पाय थबकतात. माझ्या नावावर या पोरीला नोकरी सोडायला लावू नका."

तात्यांनी अक्कांचा रिकामा पेला उचलला. मग हळूच म्हणाले, "शिकवलं तर मीच तिला… इरू, चहा टाक. नाही— थांब. मीच टाकतो."

इरावती अक्कांच्या पाया पडली.

अंगणात मयुरेश म्हणाला, "हे मी बोलायला हवं होतं. भ्यालो."

"हो, भ्यालास."

"पुन्हा नाही भिणार. स्वैपाकही शिकतोय. वरण जमतं, पोळ्या… जाड होतात."

"चालतील."

"म्हणजे… हो?"

"हो रे बाबा!"

तिनं आत पाहिलं. तात्या आधणात साखर घालत होते, अक्का आलं किसून देत होत्या. ही सगळी आपली माणसं, या विचारानं तिचे डोळे भरून आले.