बेगमपुऱ्यातलं फिरतं कपाट

मोजणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. बांधावरून दोन भावांची डोकी फुटायची वेळ आली, की साखळी घेऊन मी मध्ये उभी. लोक काय सांगतात यापेक्षा खुणेचा दगड कुठे आहे, यावर माझा भरवसा. म्हणून दिवाळीनंतर आईनं जे मागितलं, ते मी सरकारी कामासारखंच अंगावर घेतलं.

आई, आशाबाई, चौऱ्याहत्तर वर्षांची. हृदय थकलेलं. हर्सूलला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लाकडी खाटेवर पडून असायची. एक दिवस म्हणाली, "माझ्या मायबापाचं लगीन लागलं व्हतं का नाय, तेवढं शोध. मंग मी जाया मोकळी."

तिचे वडील बन्सी पाचोडचे, आई साळूबाई गंगापूरकडची. दोघंही शहरात आप्पासाहेब देशमुखांच्या घरी कामाला. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी बन्सी साळूला घेऊन पाचोडला उगवला. ना मांडव, ना वाजंत्री, ना कुणी पाहिलेलं. गावानं ठरवून टाकलं, की लग्न झालेलंच नाही. भावकीत कुणाचंही लग्न निघालं की हळद लावायला पाच सवाष्णी बोलवायचे. साळूबाईला जन्मात कधी बोलावलं नाही. आई लहानपणी तिचा पदर धरून दाराशी उभी राहायची. ते तिला अजून सलत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

घरकाम करणाऱ्यांचे कागद कोण ठेवतो? चार महिने मी खेटे घातले. शेवटी आप्पासाहेबांची धाकटी मुलगी सापडली, वच्छलाबाई, पंच्याऐंशीच्या, सिडकोत मुलाकडे. सुनेनं दोनदा "आज बरं नाही त्यांना" म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यांदा मी पायरीवरच बसून राहिले.

"साळू? आमच्या जनान्यात व्हती," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमच्यात गोषा लई कडक. बायांनी बाहेर जायचं नाय, गड्यांनी आत यायचं नाय. बन्सी बाहेरच्या सैपाकघरात. मधल्या भिंतीत फिरतं कपाट व्हतं."

"फिरतं म्हणजे?"

"उभं, गोल. एकाच अंगानं उघडं. बन्सीनं ताटं ठेवून दोनदा वाजवायचं, म्हंजी ठेवलंय. मंग फिरवायचं. साळूनं आतून घेतलं की एकदा वाजवायची, म्हंजी पोचलं. बोलायची मुभा नाय. दीड वर्ष त्यांनी एकमेकाचं तोंड पाह्यलं नाय, बाई. पर त्याची टकटक आली की साळू आधी पदर डोक्यावर घ्यायची."

माझ्या आजी-आजोबांची भेट ही अशी झाली होती. मला हसू आलं.

"आणि लग्न?"

"ते म्या नाय पाह्यलं. त्या दिशी दुपारी आम्हा पोरींना माळवदावर धाडलं. खाली आलो तं साळू गेलेली." हातातली सुपारी तशीच राहिली. "मंग आमच्या आईनं कपाटाच्या आतल्या बाजूला फळी ठोकली. म्हनायची, पलीकडं कुणी नसलं तरी फिरतंय."

देशमुखांच्या बेगमपुऱ्यातल्या त्या घराचा जनान्याकडचा अर्धा भाग रस्ता रुंदीकरणात गेलाय. उरलेल्यात रामकिसन नावाच्या माणसाचं मंडपाच्या सामानाचं गोदाम आहे. कनातींच्या गठ्ठ्यांमागं, काळ्या पडलेल्या भिंतीत, ते कपाट होतं. सागवानी, पुरुषभर उंच.

मी आधी बाहेरून जाऊन पाहिलं. मधली भिंत आता रस्त्यावर आलेली. कपाटाच्या जागी विटा, वर सिमेंटचा गिलावा, गिलाव्यावर कुठल्याशा क्लासची जाहिरात. पुढं रिक्षा उभ्या. आत येऊन टेप लावली. कपाटाचा पलीकडचा सगळा फुगवटा विटांत चिणलेला असणार. ते फिरणं शक्य नव्हतं.

"म्याडम, त्याला हात नका लावू," रामकिसन म्हणाला. "दुपारच्याला वाजतं ते. उंदरं असतील."

"उंदीर दुपार बघून वाजवतात का?"

तो चहा सांगायला म्हणून बाहेर गेला, आणि परत आला नाही.

माझ्या पर्समध्ये आईच्या मनगट्या होत्या. ती तान्ही असताना साळूबाईनं ओवलेल्या, काळ्या मण्यांच्या. ओळख पटवायला आईनंच बरोबर दिलेल्या. आजवर मी एकही मोजणी अर्धी सोडली नव्हती. मनगट्या कपाटाच्या खणात ठेवल्या. बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं आणि ढकललं.

कपाट फिरलं.

कुरकुर नाही, अडखळणं नाही. लाकडाची बंद पाठ समोर आली. मग पलीकडून कुणीतरी ढकलल्यासारखं ते उरलेलं वळण आपणच फिरलं. ओल्या हळदीचा वास आला.

खणात मनगट्या नव्हत्या. मूठभर अक्षता होत्या, ओल्या.

बाहेर रिक्षावाले भांडत होते. मी अक्षता रुमालात बांधल्या आणि ती एक टकटक यायची वाट पाहत उभी राहिले. अर्धा तास. आली नाही.

घरी आईनं अक्षता नाकाशी नेल्या. तळवा पिवळा झाला. "लागलं व्हतं," ती म्हणाली, आणि हसता हसता रडली. मीही रडले. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती.

"मनगट्या?" तिनं विचारलं.

"तिथंच राहिल्या."

"ऱ्हाऊ दे. तिच्याच हायेत."

बाकी मी काही सांगितलं नाही. फिरणं नाही, टकटकीची रीतही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. आईच्या खोलीतून लाकडावर दोनदा वाजल्याचा आवाज आला.

पिठाच्या हातानंच धावले.

आई खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. पदर डोक्यावर नीट घेतलेला. एक हात खाटेच्या कठड्यावर, बोटं मुडपलेली.

"आई?"

मी हात धरला. गार होता. नाडी शोधली, पुन्हा शोधली. लागली नाही.

त्या भिंतीपलीकडं खोली नाही. सज्जाही नाही. दोन मजल्यांखाली मोकळा प्लॉट आहे.

पलीकडून एकदा वाजलं.