मानेचा चुकीचा निरोप

शालन आत्याने ब्रश खाली ठेवला आणि टेबलाची कड घट्ट धरली. समोरच्या गणपतीचा एक डोळा झाला होता. दुसरा काढायला ती वाकली आणि सगळा कारखाना तिच्याभोवती गरगरला.

पेणच्या त्या कारखान्यात माती कालवायला, रंग फवारायला केव्हाच यंत्रं आली होती. डोळ्यांची आखणी मात्र अजून हाताने व्हायची, आणि तो हात आत्याचा होता. हल्ली लोक कुजबुजत, हिची नजर गेली. नवा चष्मा झाला, पित्तावर कोकम सरबत झालं, चक्कर काही हटेना. मालक आता आखणीसाठीही यंत्र मागवणार, हे कळल्यापासून तिचं जेवणावरून मनच उडालं होतं. तिची भाची केतकी हिला ते बघवेना.

"आत्या, झोपाळ्यावर तुला काही होत नाही. मग मूर्तीपुढेच का होतं?"

केतकी तिला इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर गव्हाणकर बाईंना हा प्रश्न फार आवडला. कान, डोळे, रक्तदाब तपासून झालं होतं, सगळं ठणठणीत. बाईंनी आत्याला फिरत्या स्टुलावर बसवलं. तिथल्या मदतनीस यंत्रमानवाने मऊ तळव्यांत तिचं डोकं अलगद धरून ठेवलं आणि बाईंनी स्टूल हळूच फिरवलं. डोकं तसूभरही हललं नाही, वळलं ते नुसतं धड.

"अगं बाई, आलीच की चक्कर," आत्या म्हणाली.

केतकी विचारात पडली. "डोकं जागेवरच होतं. म्हणजे कानाला आणि डोळ्यांना काही कळलंच नसणार. वळली ती फक्त मान."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "तोल सांभाळायला मेंदूकडे डोळे, कान आणि मान असे तिघांचे निरोप जातात. मानेच्या मणक्यांमध्ये चकत्या (धक्के सोसणाऱ्या मऊ गाद्या) असतात. वर्षानुवर्षं वाकून यांची एक चकती फुगलीय. तिथल्या चेता (निरोप नेणारे तंतू) डिवचल्या जातात. डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. मान सांगते, फिरतोय. मेंदूने ऐकायचं कुणाचं?"

"मग मान कापणार?" आत्याचा आवाज बारीक झाला.

"छे हो. बारीक सुई, तिच्यातून काचेचा तंतू आणि त्यातून लेसर (एकाच दिशेने जाणारा जोरकस प्रकाश). चकतीच्या गाभ्यात पाणी असतं, त्यातलं किंचित वाफ होऊन जातं. आतला दाब उतरला की फुगवटा मागे सरतो. प्रत्येक चक्कर मानेची नसते, म्हणून तर आधी इतकं तपासलं."

भूल फक्त सुईच्या जागेपुरती होती. आत्या जागी होती, केतकीचा हात धरून. सुट्टी देताना बाई म्हणाल्या, "चकतीचा फुगवटा मी उतरवला, सवय तुम्ही मोडा. वाकणं बंद."

इथेच घोडं अडलं. एक डोळा काढला की दुसरा होईपर्यंत मूर्ती हलवायची नाही, ही कारखान्याची रीत. मूर्ती बुटक्या टेबलावर आणि आत्या वाकलेली, हे असंच चालत आलेलं.

"मग आखणी सुरू करायच्या आधीच ती उंचावर ठेवू," केतकी म्हणाली. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नव्हती.

विश्रांती संपल्यावर आत्या ताठ उभी राहिली, मूर्ती तिच्या नजरेसमोर. पहिला डोळा झाला. दुसऱ्यापाशी ती थांबली. तिला भीती वाटत होती, आणि ती केतकीलाही दिसत होती. मग ब्रश टेकला, रेघ एका दमात वळली आणि दोन्ही डोळे जुळले. आत्याचे मात्र भरून आले.

मालक मागे उभे होते. "यंत्र उद्या येतंय," ते ओशाळून म्हणाले. "परत पाठवू का?"

"कशाला? राहू दे की," आत्या डोळे पुसत म्हणाली. "बसवा त्याला माझ्याशेजारी. हळूहळू शिकेल."