कर्सर पहिल्या पानावरच राहिला

ती छापखान्यात आली, तेव्हा तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण ऐसपैस बसला होता. तिच्याच कॉम्प्युटरवर, माऊसचं चाक बोटाने फिरवत, एका डॉक्टरांचं गुडघेदुखीवरचं जाडजूड पुस्तक सावकाश खाली सरकवत होता. आज तिची नोकरी कायम व्हायची होती, आणि सकाळी सकाळीच ही ब्याद.

“कोण तुम्ही?”

“नवा मुद्रितशोधक. शेवटच्या पानावर एक वाक्य राहिलंय, तेवढं घालतो.”

“मग कंट्रोल आणि एन्ड दाबा. कर्सर लगेच शेवटी जातो.”

“जाईल की…” त्याने मान वळवली आणि नजर तिच्यावरच ठेवली. “पण इतकी घाई कशाला?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळे मात्र हसरे होते मेल्याचे – ते आपल्या लक्षात आलं, याचा तिला आणखीच राग आला. तिच्याकडे बघत बघतच त्याने वाक्य टाइप केलं, फाइल छपाईला पाठवली आणि उठला.

थोड्याच वेळात मालकांनी तिला आत बोलावून पहिल्या पानाची नमुना प्रत समोर आपटली. डॉक्टरांच्या नावाखाली ठळक अक्षरांत छापलं होतं – ‘हा त्रास वयानुसार वाढत जातो.’

“हेच पान डॉक्टरांना पाहायला गेलं. फोनवर किती भडकले, माहीत आहे? अशा कामावर मी तुम्हाला कायम करू?”

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाक फिरवलं की पान सरकतं, कर्सर नाही. शेवटच्या पानावर क्लिक न करताच त्या शहाण्याने लिहिलं होतं. इतके महिने मान मोडून काम करायचं ते याच्यासाठी?

ती तोंड उघडणार, इतक्यात तो दारात आला.

“चूक माझी आहे, साहेब. यांनी मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.”

मालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग डॉक्टरांची माफी तुम्ही मागा. आणि यांचं कायम झाल्याचं पत्र आजच निघेल.”

बाहेर येताच तिने त्याला गाठलं. “टाइप करताना माणूस पडद्याकडे बघतो. तुमचं लक्ष कुठे होतं?”

त्याचे कान लाल झाले. “तुमच्याकडे… तुम्ही मला आवडलात. हे असं सांगायचं नव्हतं, पण –”

“वा. प्रेमात तुम्ही पडायचं आणि बोलणी मी खायची? हा कुठला न्याय?”

“चुकलंच. यापुढे बोलणी मी खाईन.”

“आणि प्रेम?” तिच्या तोंडून निघून गेलं. गाल तापले.

“ते… मी करतच राहीन. तुमची हरकत नसेल तर.”

“हरकत आहे,” ती फणकारली. “एकट्याने का म्हणून?”