'ऊ नको' बुडालं तर?

सूर्यावर मोठं वादळ झालं आणि आकाशातले सगळे उपग्रह मुके झाले. इकडे देवगडच्या किनाऱ्यावरही वादळ येऊन थडकलेलं. शलाकाची आई दोनशे किलोमीटर आत समुद्रात, संशोधन नौकेवर. ती आता घरी यायला निघणार आणि बंदराच्या तोंडाशी तर माडाएवढ्या लाटा! तिला कळवायचं कसं?

हवेचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेल्या आजोबांनी गच्चीवरची रेडिओची तबकडी फिरवली. रोखली कुठे, तर क्षितिजाच्या जरा वर, रिकाम्या आभाळाकडे!

"आजोबा, आई काय ढगात बसलीय?" शलाका रडकुंडीला आली होती.

"अगं वेडाबाई, पृथ्वी गोल. सरळ जाणाऱ्या लहरींना समुद्राचा फुगवटाच आडवा येतो. पण तापलेल्या तव्यावरची हवा कशी थरथरते, पाहिलंयस ना? ते गरम-गार हवेचे भोवरे. तसेच वर आभाळातही असतात. त्याला म्हणतात संक्षोभ (हवेची खळबळ). रेडिओलहर त्यातून जाताना बरीचशी सरळ अवकाशात निघून जाते, पण थोडीशी उधळते. हे प्रकीर्णन (विखुरणं). त्यातली चिमूटभर पलीकडे खाली उतरते. आईची तबकडीही आभाळाच्या त्याच तुकड्याकडे बघत असणार. उपग्रह बंद पडले की तसंच करायचं, हे मीच तिला पढवलंय."

शलाकाने माइक ओढलाच. "सांगते, 'बंदरात येऊ नको!'"

आजोबांनी झटकन माइकवर हात ठेवला. "थांब! भोवरे क्षणोक्षणी बदलतात. त्यामुळे आवाज मध्येच बुडतो. नेमकं 'ऊ नको' बुडालं तर उरेल काय?"

"बंदरात ये..." शलाकाच्या अंगावर काटाच आला.

तिने डोकं खाजवलं. कितीही गळालं तरी उलटा अर्थ निघता कामा नये. मग ती सावकाश एकच शब्द म्हणत राहिली, "विजयदुर्ग... विजयदुर्ग... विजयदुर्ग..." तिथल्या खाडीत नौका सुखरूप राहते, हे आईला पक्कं ठाऊक होतं. वीस मिनिटांत पोरीचा घसा बसला.

"मोठी झालीस ना, की दुसऱ्या ग्रहांवरच्या हवेतूनही असे निरोप धाडशील," आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. पण तिचं लक्ष कुठे होतं!

एवढ्यात खरखरीतून आईचा आवाज आला, बुडत, पुन्हा वर येत. "विजयदुर्ग... वळले... विजयदुर्ग..." आणि जरा थांबून, "शलू, जेव... जेवलीस... जेवलीस का गं?"

शलाकाला रडूच कोसळलं. "जेवते गं आई, आत्ता जेवते!" ती बसलेल्या घशाने ओरडली, आणि एकदा नाही, चांगली तीनदा ओरडली.