किसनरावांचं स्थळ

किसनराव गवई जिन्याच्या पहिल्या पायरीपासून बोलत होते. खालच्या मोबाइल दुकानदाराला त्यांनी पत्ता विचारला, लगेहात त्याच्या गावाची आणि मामाच्या गावाची चौकशी केली, आणि मंजुश्री तायडेच्या कचेरीत शिरले तेव्हाही त्यांचं एक वाक्य अर्धं चालूच होतं.

"...म्हणून म्हणतो मॅडम, जिन्याच्या कठड्याले दोन खिळे मारून घ्या. अन् मले वाचवा."

बुलढाण्यात मंजुश्रीचा धंदा लग्नाआधीच्या चौकशीचा. मुलगा खरंच इंजिनिअर आहे की नुसता चष्मा लावतो, हे मुलीच्या बापाला ती गुपचूप शोधून द्यायची. शेजारच्या गाळ्यातला फोटोग्राफर शेखर मोटरसायकल घेऊन तिच्यासोबत फिरायचा. लग्नाचे फोटो काढून काढून आपल्याला माणसांचे चेहरे वाचता येतात, असा त्याचा समज होता. तो समज दरवेळी खोटा ठरायचा, पण शेखर खचणाऱ्यातला नव्हता.

"बसा. काय झालं?"

"माह्यं स्थळ टाकलं कोणीतरी!" किसनरावांनी मोबाइल पुढे केला. "विधुर आहो मी. एसटीत ड्रायव्हर होतो, रिटायर झालो. मोताळ्यात मुलगा-सुनेजवळ राहतो. बुलढाण्यात तो पुनर्विवाहाचा मेळावा झाला नं, तिथं कोणीतरी माह्या नावानं माहिती देली. आता बाजारात भाजीवाली विचारते, काका, हळद कधी?"

तिथेच टेकलेल्या शेखरने मोठ्याने वाचलं. "किसनराव गवई, मोताळा. स्वभावाने अतिशय मितभाषी. पहाटे चारच्या आधी उठून बसलेले असतात. संध्याकाळी मूठभर मुरमुऱ्यांवर समाधानी, पुढ्यातलं केळंही दुसऱ्याला देतात. आपलं ताट घासून झालं की ज्याचा हात थरथरतो त्याचंही घासतात. अशा माणसाला चांगली सोबत मिळावी."

खाली फोन नंबर होता आणि किसनरावांचा हसरा फोटो.

"फोटो माह्या व्हॉट्सॲपचा. नंबर असला की कोणालेही दिसते. संग्रामपूरहून एका बाईचा फोन आला. मी अर्धा तास समजावून सांगतलं की हे माह्यं काम नाही. ती म्हणे, तुम्ही मितभाषी नाही, अन् ठेवला."

शेखरने हसू दाबलं. मंजुश्रीने दाबलं नाही, ती मोकळेपणी हसली.

"संशय कोणावर?"

"भाऊरावावर! माह्या गाडीचा कंडक्टर होता. लोकाइची टिंगल करण्यात त्याची जिंदगी गेली. मी आता त्याचं तोंड पाहत नाही."

"गुन्हेगार ठरलाच आहे, तर मग माझ्याकडे कशाला आलात?"

किसनराव पहिल्यांदाच थांबले. खिडकीकडे पाहत त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"बायको गेली तेव्हापासून माह्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नाही मॅडम. टिंगल असंल तं टिंगल, सोडून देईन. पण कोणी खरंच मनातून लिहिलं असंल, तं? ते समजल्याबिगर मले घास जात नाही."

मंजुश्रीचं हसू मावळलं. आता तिला हे काम मनापासून करावंसं वाटलं.

मोताळ्यातल्या घरी सून रेणुका भाकरी थापत होती. सासरे जेवत नाहीत हे ऐकून तिने परातीतला हातच थांबवला.

"घास जात नाही? काल रात्री चार भाकरी खाल्ल्या, अन् वरून ठेचा! केळं मात्र घरात आणू देत नाहीत. वासच सहन होत नाही म्हणतात."

"पहाटे उठतात का?"

"सात वाजता मी चहा ठेवते, मग दोनदा आवाज देते, तेव्हा उठतात."

"आणि ताट?"

रेणुका नुसती हसली. "आजपर्यंत वाटी विसळली नाही त्यायनं."

"माहिती तुम्ही तर टाकली नाही ना? सासऱ्यांना सोबत मिळावी म्हणून?"

"मी टाकली असती तं खरं लिहिलं असतं ताई. येणारीनं उद्या मलेच धरलं असतं नं!"

मुलगा प्रसेनजित जिनिंगच्या कारखान्यातून नुकताच आला होता. त्याच्या केसांत कापूस होता. "बाबाले कोणी चांगलं मिळालं तं मले आनंदच आहे. आई गेल्यावर ते इतकं बोलतात नं, ते काऊन, मले समजते. पण मी लिहिलं नाही. हात थरथरणारं आमच्या घरात कोणी नाही. हे कोणाचं ताट, तेच मले समजून नाही राह्यलं."

बाहेर पडल्यावर शेखर म्हणाला, "ताई, पोरगा लपवून राह्यला. डोळे ओले होते त्याचे."

"बापावर जीव आहे रे त्याचा. डोळे ओले असले म्हणजे गुन्हा होत नाही."

भाऊराव बाजारात, ओळखीच्या चहावाल्याच्या बाकावर सापडले. जाडजूड, मिशाळ माणूस. किसनरावांचं नाव काढताच त्यांनी कप खाली ठेवला.

"मी लिहिलं असतं तं असं लिहिलं असतं काय? मी लिहिलं असतं, 'वर इतका बोलते की गाडीले हॉर्न लागत नाही.' त्याच्या गाडीत मी कानात कापूस घालून तिकिटं फाडत होतो, मॅडम. मागच्या हिवाळ्यात तो ध्यानाच्या शिबिराले गेला, तं अख्ख्या मोताळ्यानं आराम केला. परत आला तो स्टँडवरूनच सुरू!"

बाकावरची माणसं खो-खो हसली. भाऊराव मात्र हसले नाहीत.

"अन् मले म्हणते, तू गद्दार. उभ्या जन्माचा दोस्त. त्याच्याबिगर चहा गोड लागत नाही हो."

शेखरने खुणेने विचारलं, हाच का? मंजुश्रीने नकारार्थी मान हलवली आणि मोटरसायकलकडे चालू लागली.

संध्याकाळी ते बुलढाण्याला धम्मरत्न सरदार यांच्या घरी पोचले. मेळावा भरवणारे हेच. दिवसभर फिरून भुकेजलेल्या शेखरपुढे त्यांनी थाळी ठेवली. थाळीत मुरमुरे आणि दोन केळी होती.

"माफ करा, संध्याकाळी घरात एवढंच असतं. ध्यानकेंद्रात सेवा देतो ना, तिथली सवय लागली," धम्मरत्न म्हणाले.

शेखरने केळं असं सोललं, जणू त्यात वडा निघणार होता.

"मेळाव्यात किसनरावांची माहिती कोणी दिली?" मंजुश्रीने विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. समोर येऊन सांगायला लोक लाजतात, म्हणून आम्ही एक पेटी ठेवली होती. त्यात कागद मिळाला, टाइप केलेला, फोटोसकट. आम्ही तसाच मेळाव्याच्या ग्रुपवर टाकला. चौकशी करायला हवी होती, चुकलंच."

"किसनराव तुमच्या ओळखीचे?"

"न ओळखून सांगता कोणाला! मागच्या हिवाळ्यातल्या शिबिरात होते. आमच्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत मौन असतं. त्या शिबिरात एक घोळ झाला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कलाबाईंची मुलगी बाळंत झाली, त्यामुळे मौन सुटायच्या आदल्याच दिवशी त्या देऊळगाव राजाला आपल्या घरी निघून गेल्या. शेवटच्या दिवशीचा भात मी केला आणि तो करपला. मौन सुटल्याबरोबर सगळे पहिलं काही बोलले असतील तर त्या भाताबद्दल! किसनराव सगळ्यात मोठ्याने. गाडी येईपर्यंत बोलायचे थांबले नाहीत."

मंजुश्रीने मुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकली आणि खूश होऊन शेखरकडे पाहिलं.

"ताई, मले वाटते यायनंच कागद टाकला," जिना उतरताना शेखर कुजबुजला. "मेळाव्यात माणसं कमी पडली असतील."

"शेखर, तुझ्यापुढे उत्तर थाळीत वाढलं होतं. तू ते खाल्लंस."

रविवारी किसनरावांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. प्रसेनजितने ओढून आणलेले भाऊराव एका टोकाला बसले होते, किसनराव दुसऱ्या टोकाला. दोघेही एकमेकांकडे न बघण्याची मोठी मेहनत घेत होते. रेणुका स्वयंपाकघरात होती.

"किसनराव, आधी तुमच्या दोस्ताची माफी मागा," मंजुश्री म्हणाली. "भाऊरावांनी काही केलं नाही. टिंगल करणाऱ्याने हसू येईल असं लिहिलं असतं. या कागदात हसण्यासारखं एक अक्षर नाही. हसू येतं ते तुम्हाला ओळखणाऱ्यांना."

"मग घरच्याइनं?" शेखरने विचारलं.

"घरचे असं लिहूच शकत नाहीत. घरी हे चार भाकरी खातात, सातला उठतात आणि ताटाला हात लावत नाहीत. पण लिहिणारा खोटारडाही नाही. थापा मारणारा शेतीवाडी लिहितो, बंगला लिहितो. थरथरत्या हाताच्या माणसाचं ताट कोणाला सुचणार? ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की किसनराव कुठे असे वागले?"

मंजुश्री बोटं मोजू लागली.

"जिथे पहाटे चारला घंटा होते. जिथे संध्याकाळी मुरमुरे आणि केळं मिळतं. जिथे प्रत्येकजण आपलं ताट आपण घासतो आणि कोणी बोलत नाही. धम्मरत्नांच्या घरची थाळी पाहिली आणि माझी खात्री झाली. ध्यानाचं शिबिर!"

"पण तिथं तं सगळेच गप्प असतात," प्रसेनजित म्हणाला. "मग बाबालेच मितभाषी काऊन म्हणावं?"

"चांगलं विचारलंत. नियम सगळ्यांना असतो, पण पाळतं कोण? किसनराव, नळावर ताटं घासताना बाकीचे कुजबुजायचे?"

"हाव. खुणा करत, हसत. मी नाही बोललो."

"हे ज्याने पाहिलं, त्याने हा माणूस मुळातच शांत आहे असं धरलं. आता शिबिराला बसलेल्यांपैकी कोणी लिहिलं असेल का? नाही. शेवटच्या दिवशी मौन सुटलं आणि गाडी येईपर्यंत किसनरावांचं तोंड थांबलं नाही. त्या दिवशी तिथे असलेला कोणीही यांना मितभाषी म्हणणार नाही. म्हणजे लिहिणारी व्यक्ती मौन सुटायच्या आधीच निघून गेली होती. आणि तिला नळावरची ताटंही दिसत होती, संध्याकाळची केळीही."

"करपलेला भात!" शेखर खुर्चीवरून उठलाच. "स्वयंपाकघरातल्या कलाबाई!"

"शाब्बास. शिबिराच्या ग्रुपवर सगळ्यांचे नंबर असतात, तिथूनच नंबर आणि फोटो मिळाला. मी काल त्यांना फोन केला. त्यांनी लगेच कबूल केलं आणि रडल्या. मी म्हटलं, या. त्या आल्या आहेत, आत रेणुकाजवळ बसल्यात. बाहेर यायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, असा मी शब्द दिलाय."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आत भांडं वाजलं. मग दारात एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगणवाडीत उभं आयुष्य काढलेल्या, खांद्यावरून पदर घट्ट घेतलेल्या.

"माझं चुकलं," कलाबाई म्हणाल्या. "मेळाव्याला मी माझंच नाव द्यायला गेले व्हते. धीर झाला नाही. तिथं जो तो आपलीच मोठाई सांगत व्हता. म्हणलं, एक चांगला माणूस मी पाहिलाय, शिबिराच्या अर्जावर विधुर लिहिलेला, तो बिचारा लाजरा, स्वतःहून काही बोलायचा नाही. त्याला तरी कोणी मिळावं. म्हणून लेकीच्या घरी टाइप करून घेतलं अन् पेटीत टाकलं. तुमचं हसं व्हईल असं वाटलं नाही हो."

किसनराव उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. ज्याची आस धरून ते कचेरीचा जिना चढले होते ते समोर उभं होतं, आणि आता ते स्वतःच्याच हाताने मोडावं लागणार होतं.

"बाई, मी तसा नाही," ते म्हणाले. "मी गप्प होतो ते भेवानं. एक शब्द निघाला असता तं थांबलोच नसतो. पहाटे लवकर उठत होतो ते भुकेनं, रातच्याले झोपच येत नव्हती. अन् केळं मले आवडतच नाही, म्हणून देऊन टाकत होतो."

भाऊरावांनी कपाळावर हात मारला. प्रसेनजित खाली बघू लागला.

कलाबाई दारातून अंगणात उतरल्या. मग त्यांनी विचारलं, "अन् त्या म्हाताऱ्या बाबाचं ताट?"

"त्याचं काय?"

"ते का घासलं?"

"त्याचा हात थरथरत होता नं. ताट सारखं पडत होतं. लोक पाहत होते, त्याले लाज वाटत होती." किसनराव गोंधळले. "त्यात काय एवढं?"

"मग झालं," कलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. "बाकीचं मी चुकीचं लिहिलं, तेवढं बरोबर लिहिलं."

"पण मी लय बोलतो बाई. खरंच सांगतो. लोक कटाळतात."

कलाबाईंनी एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"लेक नातवाला घेऊन सासरी गेली. तव्हापासून माझ्या घरात कोणी बोलत नाही हो. दुपारी मीच भांडी वाजवते, काहीतरी आवाज यावा म्हणून. तुम्ही बोला."

किसनराव पुन्हा खुर्चीवर बसले. मग त्यांनी घसा खाकरला, खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, "देऊळगाव राजाहून कोणत्या गाडीनं आलात? ड्रायव्हर कोण होता?"